समुद्रात मिस्त्री मिळत नाही
शिडाच्या जुन्या नौकेतील इंजिन आणि वीज रुसते तेव्हा…

वर्धा : या जिल्ह्याला समुद्र नाही. रेल्वेने मुंबई गाठायची तर साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. मात्र, वर्धा, धाम, यशोदा आणि वणा या नद्यांच्या काठी रब्बीच्या हंगामात घुमणारा डिझेल इंजिनाचा आवाज येथे कुणालाच परका नाही. हरभऱ्याला किंवा गव्हाला ओलीत सुरू असताना हे इंजिन मधेच गचके खाते, आवाज मंदावतो आणि ते बंद पडते. टाकीत डिझेल असते. हँडल कितीही फिरवले तरी इंजिन उचल घेत नाही. मग एखादा जाणता मिस्त्री येतो, फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करतो, फेसाळलेले डिझेल वाहू देतो आणि बुडबुडे थांबले की स्क्रू आवळतो. पुढच्या हँडलला इंजिन सुरू होते. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, एवढाच तो बिघाड.

याच तत्त्वावर चालणारे इंजिन शिडाच्या नौकेच्या पोटातही असते आणि तेथेही ते बहुधा याच कारणाने बंद पडते. फरक परिस्थितीचा आहे. नौका दक्षिण महासागरात असेल तर जवळचा किनारा दोन हजार सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ३७०० किलोमीटरवर असू शकतो. नौका सतत डोलत असते, हातातला पाना निसटून तळाशी जातो आणि मिस्त्री म्हणून जो काही असेल तो स्वतः खलाशीच असतो.

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला इंजिन हवेच कशाला, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. बंदरात शिरताना आणि बाहेर पडताना, तसेच वारा पूर्ण पडल्यावर ते लागतेच. पण लांबच्या सफरीत त्याचे मोठे काम वीज तयार करण्याचे असते. रात्रीचे दिवे, रेडिओ, उपग्रह फोन, दिशा धरून ठेवणारा ऑटोपायलट, पाणी उपसणारा पंप हे सारे बॅटरीवर चालते आणि ती बॅटरी इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर भरतो. सौर पट्ट्या आणि पवनचक्क्या आल्या तरी ढगाळ, वादळी आठवड्यात भरवसा इंजिनावरच राहतो. मुळात इंजिन सुरू करायलाही बॅटरीच लागते. त्यामुळे इंजिन नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून इंजिन नाही, असा पेच पडू शकतो. जुन्या नौकेवरील बहुतेक संकटांचे मूळ या पेचात असते.

गोव्यात बांधल्या, जगाला फिरल्या

भारतीयांना हा विषय जवळचा वाटावा, असे काही गेल्या पंधरा-सोळा वर्षांत घडले आहे. गोव्याच्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून तिच्यातून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केप टाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. या मोहिमेची कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत आणि तेथेच ३ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. समुद्राचे वेड लागायला घर किनाऱ्यावर असावे लागत नाही, हे यावरून दिसते.

दोंदे यांच्याबाबतची एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. नौका बांधली जात असताना ते स्वतः गोव्यात गोदीत राबले. कोणती वायर कोणत्या फळीमागून गेली आहे, कोणती नळी कोठे वळली आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. बिघाड शोधण्याचे निम्मे काम येथेच झालेले असते. जुनी नौका दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्याला हे भाग्य लाभत नाही. आधीच्या तीन-चार मालकांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे जोडलेल्या वायरींचे जंजाळ त्याच्या वाट्याला येते. त्यातल्या निम्म्या कोठेच जात नाहीत आणि उरलेल्यांचे रंग कशाशीच जुळत नाहीत. म्हणून अशी नौका घेणाऱ्याने पहिला महिना शीड उघडण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन वायरींचा नकाशा काढण्यात घालवावा, असे अनुभवी खलाशी सांगतात. सल्ला कंटाळवाणा असला तरी मोलाचा आहे.

दोष सांध्यात असतो

इंजिन किंवा दिवा बंद पडला की माणसाचा पहिला संशय मोठ्या भागावर जातो. पंप गेला, मोटर जळली, बॅटरी मेली, असे म्हणून नवा भाग बसवला जातो आणि बिघाड तसाच राहतो. प्रत्यक्षात समुद्रावर मोठा भाग क्वचितच आधी दगा देतो. दगा देतो तो सांधा : वायरीचे टोक, नळीचा वॉशर, बॅटरीची पकड, फ्यूजची खाच.

याला कारण मीठ आहे. सांध्यावर खारे पाणी उडाले आणि नंतर ऊन पडले, तरी तो खऱ्या अर्थाने कोरडा होत नाही. मागे राहिलेले मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. दमट पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे जे होते तेच वायरीच्या टोकाचे होते. त्यातच पिळदार तांब्याच्या वायरीत धाग्या-धाग्यांच्या फटींतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे आत चढते. वरून रबर नवेकोरे दिसते आणि आत हातभर लांबीपर्यंत तांबे काळे पडलेले असते. त्यामुळे नौकेसाठी कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. जुन्या नौकेत ती असेलच, याची खात्री नसते. भिजलेला सांधा आधी गोड्या पाण्याने धुऊन मगच वाळवावा, हा नियम विचित्र वाटतो. पण त्यामागे हेच कारण आहे.

अशा सांध्याने होणारे नुकसान आकड्यांत पाहिले तर थक्क व्हायला होते. बारा व्होल्टच्या स्टार्टर मोटरला इंजिन फिरवताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागू शकतो. गंजलेल्या पकडीचा विरोध केवळ एक शतांश ओहम असला, तरी त्या प्रवाहात तेथे दोन व्होल्ट गळून पडतात. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. पण भार पडल्यावर तिचा दाब आधीच उतरतो आणि त्यातून हे दोन व्होल्ट वजा झाले की मोटर नुसती 'टक्' करून थांबते. बॅटरी चांगली असते, मोटरही चांगली असते. तरी दोघांवर ठपका येतो. गळालेल्या दोन व्होल्टची मात्र उष्णता होते. दोन व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट, तेही बोटाएवढ्या जागेत! स्टार्टर काही क्षण चालवून बंद केल्यावर पकडींवरून हात फिरवला तर गरम लागेल तोच दोषी सांधा, ही जुन्या मिस्त्र्यांची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे.

हाताऐवजी मल्टिमीटर वापरायचे तर तेही बेताने. आपल्याकडे मीटरची एक तार बॅटरीच्या धनावर आणि दुसरी ऋणावर ठेवून 'बारा व्होल्ट आहेत, सगळे ठीक आहे' असा निर्वाळा दिला जातो. हा निर्वाळा फसवा असतो. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे एका केसाएवढ्या धाग्यावर टिकलेली वायरही त्याला पूर्ण दाब दाखवते. भार पडला की तोच दाब नाहीसा होतो. खरी परीक्षा भार चालू असताना घ्यावी लागते. मीटरची एक तार बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरी स्टार्टरच्या धन खुंटीवर ठेवावी आणि साथीदाराला किल्ली फिरवायला सांगावी. दोन्ही टोके एकाच वाटेची असल्याने आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर याच वाटेवर आहे. मग मधला स्विच, त्याआधीचा सांधा, असे अंतर कमी करत जावे. ऋण बाजूची वाटही अशीच तपासावी. ती तपासायची बहुतेक जण विसरतात. मीटर नसेल तर मोटारीच्या हेडलाइटचा जुना बल्ब आणि दोन वायरी पुरतात. हा बल्ब प्रवाह ओढतो, म्हणून तो खोटे बोलत नाही.

डोलकाठीच्या टोकावरचा दिवा गेला, तर लगेच वर चढण्याची घाई करू नये. वाट मधोमध तोडून पाहावी. डोलकाठीच्या बुंध्याशी असलेल्या जोडावर वीज येते का? येत असेल तर दोष वर, नसेल तर खाली. एका तपासणीत निम्मी नौका संशयातून सुटते. पुन्हा तसेच केले की पाव उरते. डोलणाऱ्या नौकेत साठ फूट वर चढणे टळले, तर ती केवळ मेहनतीची बचत नसते. तेथून पडलेला खलाशी कदाचित परत येत नाही.

वादळातच इंजिन का दगा देते?

आठ महिने निमूट चाललेले इंजिन नेमके बंदराच्या तोंडाशी, उसळत्या लाटांत बंद पडते, अशी खलाशांची जुनी तक्रार आहे. याला दैव म्हणायचे कारण नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ थिजते आणि पाणी तळाशी बसते. डिझेल आणि पाणी जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जीव वाढतात व काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. शांत पाण्यात हा गाळ तळाशी निजलेला असतो. लाटांनी टाकी घुसळली की तो उठतो आणि काही मिनिटांत फिल्टर गच्च होतो. इंजिनाची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी गाळही उठतो, कारण दोन्हींचे निमित्त एकच असते.

इंजिन कसे बंद पडले, यावरून पुष्कळ कळते. आवाज मंदावत, गचके खात बंद पडले तर डिझेल पोचत नाही. फिल्टर, नळी आणि हवा पाहावी. झटक्यात थांबले तर पंख्यात दोर किंवा मासेमारीचे जाळे अडकले असावे. अशा वेळी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवणे म्हणजे बॅटरी फुकट घालवणे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याचा. शेतातल्या इंजिनाशी हा हिशेब तंतोतंत जुळतो.

जुळत नाही ते थंडाव्याचे गणित. नौकेचे इंजिन समुद्राचे पाणी आत ओढून थंड ठेवले जाते आणि तेच पाणी धुराबरोबर बाहेर फेकले जाते. ते ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचे छोटे चक्र असते. काही मिनिटे कोरडे फिरले तरी त्याची पाती तुटतात. म्हणूनच इंजिन सुरू केल्याबरोबर खलाशी आधी मागे वाकून नळीतून पाणी पडते का ते पाहतो, मीटरकडे नंतर. पाती तुटली असतील तर नवे चक्र बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे मोजावे लागतात. एखादा तुकडा पुढच्या अरुंद नळ्यांत अडकला तर इंजिन पुन्हा तापते आणि मग कारण सापडत नाही.

सुकाणू धरून ठेवण्याचे कामही विजेवर सोपवले की बॅटरीवरचा भार वाढतो. जुन्या पद्धतीच्या नौका त्यासाठी वाऱ्याच्या दिशेने वळणारे पाते वापरतात. त्याला विजेचा थेंबही लागत नाही. अर्थात मोडतोड त्यालाही चुकत नाही. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'बायानत' या ३६ फुटी नौकेतून उतरले होते. वाऱ्यावरच्या सुकाणूयंत्राची पाती मोडल्यावर त्यांनी नौकेतल्या शौचालयाचे दार कापून नवी पाती बनवली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली.

मुंबईत बांधलेली 'सुहेली'

या शर्यतीचे मूळ ज्या सफरीत आहे, तिची नौका मुंबईत जन्मली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाने साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या सुतारांकडून सागवानी, ३२ फुटी 'सुहेली' बांधून घेतली. १४ जून १९६८ रोजी तो फालमथहून एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ती जगातील पहिली प्रदक्षिणा. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी तो एकटाच ती पूर्ण करू शकला.

त्याचा रेडिओ सुमारे अडीच महिन्यांत बंद पडला. बॅटरीचे पाणी पाहताना आम्लाचा शिंतोडा डोळ्यात उडाला. पण सर्वांत बोलका प्रसंग बॅटरी भरणाऱ्या छोट्या यंत्राचा आहे. त्याच्या मॅग्नेटोमधली फट ठराविक अंतराची हवी होती. इंचाच्या बारा ते पंधरा हजारांश. ती मोजायचे फीलर गेज नौकेवर नव्हते. नॉक्स-जॉन्स्टनने एक पुस्तक घेतले आणि पाने मोजली. २०० पानांची जाडी एक इंच भरली, म्हणजे एक पान इंचाच्या पाच हजारांश. तीन पाने एकत्र धरून त्याने फट जुळवली आणि यंत्र चालू झाले. दुसऱ्या एका प्रसंगी जोड लावायला कथील उरले नाही, तेव्हा त्याने जादा दिव्यांच्या बुडाशी असलेले थेंब वितळवून कथील गोळा केले. दोन्ही वेळा जी वस्तू नव्हती ती कशासाठी हवी होती, हे त्याला नेमके ठाऊक होते. गेज म्हणजे शेवटी ठराविक जाडीची पट्टीच.

त्याच 'सुहेली'ची प्रतिकृती 'थुरिया' गोव्यात बांधून टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. त्या वर्षी २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. उपग्रह फोन आणीबाणीच्या पिशवीत होता. जागेवरून हलता येत नसल्याने तो हाती लागेना. हाताशी असलेल्या छोट्या संदेशयंत्रावरून त्यांनी खबर दिली आणि २४ सप्टेंबरला फ्रेंच गस्तीनौका 'ओसिरिस'ने त्यांना उचलले. डोलकाठी गेली की तिच्या टोकावरचा अँटेनाही जातो आणि नौका उलटली की मुख्य बॅटरी पाण्यात जाऊ शकते. म्हणूनच मुख्य वीजयंत्रणेशी काडीचाही संबंध नसलेले, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे एक यंत्र अंथरुणावरून हात पोचेल तेथे असावे, ही सूचना आता अधिक गांभीर्याने घेतली जाते.

जुने ते सोपे

नव्या इंजिनांत डिझेल किती आणि केव्हा फवारायचे, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. धूर कमी, बचत जास्त. पण नियंत्रकात पाणी शिरले तर समुद्रावर त्यावर इलाज नाही. जुने इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. काही लहान इंजिनांना तर शेतातल्या इंजिनासारखे हँडल मारून सुरू करता येते. लांबच्या सफरीसाठी हे जुनाट इंजिन उजवे ठरते, असे म्हणायला जागा आहे. सेवाग्रामच्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा तो वीस वर्षे टिकावा आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये, अशा अटी घातल्या होत्या.

सोपेपणा असला तरी बंदरातली देखभाल टळत नाही. सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी मारणाऱ्या 'तारिणी'ला एप्रिल २०१८ मध्ये सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले होते. हीच नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांना घेऊन पुन्हा गोव्याहून निघाली. फ्रीमँटल ते केप टाउन अशा चार बंदरांत थांबत ती २९ मे २०२५ रोजी परतली. प्रत्येक लांब टप्प्यात नौकेवर दोघीच होत्या. दुरुस्ती त्यांनाच करायची होती.

शहरातील वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. पण अनेक सोसायट्यांच्या तळघरात एक डिझेल जनरेटर असतो. वर्षभर तो झाकून ठेवलेला असतो, टाकी अर्धी असते, बॅटरीच्या खुंटीवर पांढरी पूड साचते आणि लिफ्ट अडकते त्या रात्री तो 'टक्' करून थांबतो. महिन्यातून एकदा भार देऊन अर्धा तास चालवणे, टाकी भरलेली ठेवणे, तळाचे पाणी काढून टाकणे आणि खुंट्या घासून त्यांना ग्रीस लावणे, एवढे काम सोसायटीचा वायरमन तासाभरात करू शकतो. खुंट्या सोडवताना आधी ऋण बाजू सोडवावी, जोडताना ती शेवटी जोडावी आणि डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.